दुखत नाही म्हणून राहू द्यायचं? बहात्तराव्या वर्षी छातीत बदल दिसला तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सासूबाई ७२ वर्षांच्या, गावी राहतात. मागच्या महिन्यात अंगणात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातल्यावर तुम्ही त्यांना पुण्याला घेऊन आलात. अंघोळीनंतर ब्लाउजचे हुक लावून देताना तुमच्या लक्षात आलं, की डाव्या बाजूचं बोंड (स्तनाग्र) आत ओढलं गेलंय, आणि त्याच्या मागे हाताला काहीतरी टणक लागतंय. विचारलंत तर म्हणाल्या, "वर्ष झालं असंल. दुखत नाही काही. म्हातारपणी व्हायचंच असं." घरात कुणाला कॅन्सर झालेला नाही. तुमचे यजमान विचारतात, या वयात मॅमोग्राफी (स्तनांचा खास एक्स-रे) करतात का? शेजारच्या काकू म्हणतात, सुई लावली की आजार पसरतो. आणि गावच्या डॉक्टरांनी फोनवरच, न बघता, सांगून टाकलंय की या वयात गाठी वाढत नाहीत, राहू द्या.

मी जनरल सर्जन आहे. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी २६ वर्षं प्रॅक्टिस करते. बायका माझ्याकडे येतात याचं निम्मं श्रेय माझ्या डिग्रीला नसून मी बाई आहे यालाच आहे, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न गुंतलेत, म्हणून जरा लांबण लावते.

यजमानांपासून सुरू करू. "या वयात मॅमोग्राफी करतात का" हा प्रश्न धडधाकट, कसलीही तक्रार नसलेल्या बाईबद्दल विचारायचा असतो. तशा तपासणीला स्क्रीनिंग म्हणतात, आणि वयाच्या मर्यादा असतात त्या स्क्रीनिंगला. तांदळात खडा आहे की नाही हे माहीत नसताना आपण ते निवडायला घेतो, तसं ते आहे. तुमच्याकडे खडा वरच दिसतोय. आता निवडत बसायचं नाही, तो उचलून कसला आहे ते बघायचं. त्याला वय आड येत नाही. बाई ७२ ची असो की ९० ची.

मी स्वतः पाहिलेलं नाही, तेव्हा हा कॅन्सरच आहे असं इथे बसून म्हणणार नाही. बोंड आत जायला साधी कारणंही असतात. काहींचं मुलीपणापासूनच तसं असतं. काहींच्या दुधाच्या नळ्या वय होईल तशा रुंद होऊन आखडतात. मग बोंड आडव्या फटीसारखं आत जातं, बहुतेक वेळा दोन्हीकडे, आणि बोटांनी हलकेच धरलं तर बाहेर येतं. कॅन्सरमध्ये ते एकाच बाजूला होतं, गेल्या काही महिन्यांतलं, वर्षभरातलं असतं, बोंड तिरकं ओढलेलं दिसतं आणि बाहेर काढू म्हटलं तरी येत नाही. पण हा फरक घरी करायचा नाही. मीसुद्धा नुसत्या बोटांवर विसंबून तो करत नाही.

का करत नाही, ते सांगते. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी आल्या होत्या. गोठ्याच्या दाराची कडी छातीला लागली, काळंनिळं झालं, ते गेलं आणि खाली गाठ राहिली. मार लागल्यावर तिथली चरबी मरून गाठ होते, हे पुस्तकात असतं आणि खरंही असतं. मी म्हटलं, तीन महिन्यांनी दाखवा. त्या दहा महिन्यांनी आल्या, कारण डॉक्टरीणबाईंनीच घाई नाही असं सांगितलं होतं. तोवर कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती आणि काखेत दोन गाठी होत्या. गाठ कडी लागायच्या आधीपासूनच होती. कडी लागली म्हणून त्यांचा हात पहिल्यांदा तिथे गेला, एवढंच. तेव्हापासून साठीनंतरच्या बाईच्या नव्या गाठीला माझ्याकडे "बघू पुढे" हे उत्तर मिळत नाही.

यामागचं कारण समजायला अवघड नाही. पंचविशीतल्या मुलीच्या छातीत बोटाखालून सुळकन सरकणारी गोटी असते, ती जवळजवळ नेहमी साधी. चाळिशीत पाण्याच्या गाठी होतात, पाळीच्या आधी छाती भरून येते, दुखते. हे सगळं हार्मोनच्या चढउतारावर चालतं. पाळी जाऊन वीस वर्षं झालेल्या बाईत हे खेळ संपलेले असतात. म्हणजे साधी कारणं वयाबरोबर मागे हटतात, कॅन्सर मात्र हटत नाही. त्याची शक्यता वयाबरोबर वाढत जाते. म्हणून साठीनंतरची नवी गाठ ही तपासून "नाही" असा कागद हातात येईपर्यंत कॅन्सरच समजायची. गावच्या डॉक्टरांचं वाक्य बरोबर उलटं आहे. उतारवयातल्या काही गाठी हळू वाढतात हे खरं. हळू वाढतात म्हणजे वाढत नाहीत असं नव्हे.

आणि "दुखत नाही". छातीच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. माझ्याकडे दुखतंय म्हणून येणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना पाळीचं किंवा बरगडीच्या स्नायूचं दुखणं निघतं. त्या पहिल्याच आठवड्यात घाबरून येतात आणि हसत घरी जातात. न दुखणारी गाठ घेऊन येणारी बाई वर्षाने येते. आपल्या बायकांनी दुखणं अंगावर काढायचं असतं, मग जे दुखतच नाही ते अंगावर काढायला काय लागतं!

घरात कुणाला नाही, हाही दिलासा धरू नका. आनुवंशिक दोषातून होणारे रुग्ण शंभरात साधारण पाच ते दहा. बाकीच्या सगळ्या घराण्यातल्या पहिल्याच असतात. "हा आजार तरुण बायकांना होतो" असंही कुणीतरी तुम्हाला सांगेल. आपल्याकडच्या रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी, हे बरोबर. त्याचं एक मोठं कारण आपल्या लोकसंख्येतच तरुण बायका जास्त आहेत हे आहे. एकेका बाईपुरतं बघितलं तर सत्तरीत धोका चाळिशीपेक्षा जास्तच. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर झाला. बायकांमधल्या कॅन्सरांत आता हाच पहिला.

आता मला जो खरा प्रश्न वाटतो तो. वर्षभर हे कुणाला दिसलं कसं नाही?

म्हाताऱ्या बाईच्या छातीकडे बघणारं कुणी उरलेलं नसतं. नवरा गेलेला किंवा वेगळ्या खोलीत. मुलगा बघणार नाही, सून संकोचते. ती स्वतः न्हाणीघरातल्या अर्ध्या अंधारात, पातळ गुंडाळून, दोन तांबे घेऊन बाहेर येते. आरशासमोर उघड्याने उभं राहणं हे तिने जन्मात केलेलं नसतं. बीपी-शुगरसाठी दर महिन्याला दवाखान्यात जाते, तिथे स्टेथोस्कोप ब्लाउजवरूनच लागतो. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची छाती दर पाच वर्षांनी हाताने तपासायची असं ठरलेलं आहे. म्हणजे पासष्टी उलटली की तुमच्या सासूबाई त्या यादीतूनही बाहेर. आशाताईंच्या फॉर्मवर छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदललाय का, हे प्रश्न छापलेले आहेत. पण ते ओसरीवर विचारले जातात, शेजारी मुलगा खुर्चीत बसलेला असतो आणि समोरची जाऊ भाजी निवडत ऐकत असते. अशा वेळी कोणती आजी "हो" म्हणेल? आशाताईंना मी दोष देत नाही. माझ्या ओळखीच्या एक आशाताई हे प्रश्न विचारायला मुद्दाम न्हाणीघराच्या दाराशी जातात, पाणी तापवायला मदत करते म्हणून. त्यांच्यामुळे तीन बायका माझ्यापर्यंत वेळेत पोचल्या.

म्हणून सांगते, तुमचं मनगट-प्रकरण ही इष्टापत्ती झाली. माझ्याकडे येणाऱ्या सत्तरीपुढच्या बायकांच्या गाठी मला वाटतं निम्म्या वेळा दुसऱ्याच कुणीतरी पाहिलेल्या असतात. मोडलेला हात, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही म्हणून केलेली मदत, दिवाळीच्या पहाटे पाठीला उटणं लावणारी नात.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नका, याचा पुरावा मुंबईतच आहे. १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांचे दोन गट केले. एका गटातल्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, काही आठवडे शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी हाताने तपासली. डॉक्टर नव्हे, मशीन नव्हे. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या वयांचा एकत्र हिशोब ठाम काही सांगण्याइतका नव्हता. पण पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. म्हणजे शिकलेला हात सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो मोठ्या वयातच.

याला जोडून एक खोच. बाईने स्वतः दर महिन्याला, ठरल्या पद्धतीने छाती तपासावी असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांवर कामगार बायकांवर हे करून पाहिलं. २००२ साली निकाल आला, तर मृत्यू कमी झालेच नव्हते, साध्या गाठींच्या बायप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) तेवढ्या वाढल्या होत्या. त्यामुळे मी आता कुणाला महिन्याची तारीख लावून देत नाही. आपली छाती नेहमी कशी दिसते, कशी लागते ते ठाऊक असू द्या, आणि वेगळं काही दिसलं तर पुढच्या आठवड्यात दाखवा, एवढंच सांगते. हाताने बघायचं तर बोटांच्या पेरांनी सपाट दाबून बघायचं. चिमटीत धरलं की प्रत्येकीला गाठच लागते आणि रात्रीची झोप जाते. छातीचा भाग काखेपर्यंत गेलेला असतो आणि गाठी सगळ्यात जास्त वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात, काखेकडे होतात, तेव्हा काख सोडू नका. दोरीवर कपडे वाळत घालताना हात वर जातात, त्या वेळी एका बाजूला खळी पडते का, हेही बघण्यासारखं. आतली गाठ कातडीला धरून ठेवणाऱ्या तंतूंना ओढते, म्हणून ती खळी.

गाठ नसतानाही एक गोष्ट चुकते, ती इथेच सांगते कारण उतारवयात हमखास चुकते. बोंडावर खपली धरते, खाज येते, ओलसर होतं. मेडिकलमधून गजकर्णाचं मलम आणलं जातं, ते संपलं की दुसरं. उन्हाळ्यात छातीच्या खालच्या वळीत घामाने बायकांना खरंच बुरशी होते, तिच्यावर मलमाने आठवड्या-दोन आठवड्यांत उतार पडतो. पण बोंडापासून सुरू झालेली, एकाच बाजूची, दोन आठवड्यांत न जाणारी खपली बायप्सीलाच पाठवायची. तो बोंडाचा कॅन्सर असू शकतो आणि त्याच्या मागे बऱ्याचदा आत आणखी काही असतं. एका मावशींनी वर्षभर पाच मलमं लावली होती. पाचही ट्यूब पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ओळीने ठेवल्या, शेपटीपासून नीट गुंडाळत आणलेल्या, एक थेंब वाया न घालवता. ब्लाउजला आतून तपकिरी डाग पडतोय का, हेही कपडे धुणाऱ्याला विचारा. एकाच बोंडातून, न दाबता येणारं रक्ताळ पाणी दाखवायलाच हवं.

तर आता काय करायचं. येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत सर्जनला दाखवा, शक्यतो जो किंवा जी छातीचं काम नेहमी करते. रात्री इमर्जन्सीत धावायची गरज नाही, पण "प्लास्टर निघू दे", "गणपती होऊ दे", "दिवाळी होऊ दे" हेही नको. तपासणी म्हणजे कमरेवरचं सगळं काढून, उजेडात, आधी बसवून, हात वर करायला लावून, मग झोपवून, दोन्ही बाजू आणि दोन्ही काखा. ब्लाउजवरून चाचपून "काही नाही" असं कुणी म्हटलं तर ती तपासणी झाली असं धरू नका. डॉक्टर पुरुष असले तर नर्सला किंवा तुम्हाला आत थांबू द्या म्हणावं. चांगले डॉक्टर स्वतःच थांबवून घेतात.

मग मॅमोग्राफी, दोन्ही बाजूंची, आणि सोबत सोनोग्राफी. यजमानांना सांगा, मॅमोग्राफी या वयात उलट जास्त स्पष्ट दिसते. तरुण छातीत दुधाच्या ग्रंथी दाट असतात, त्या फिल्मवर पांढऱ्या उमटतात आणि गाठही पांढरीच, म्हणजे धुक्यात बगळा शोधण्यातला प्रकार. सत्तरीत ग्रंथी आटून त्यांच्या जागी चरबी आलेली असते, ती काळसर दिसते, त्यावर गाठ उठून दिसते. छाती दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबतात. सैल पडलेल्या छातीला ते तरुण बाईपेक्षा जास्त सोसतं. त्या दिवशी काखेत आणि छातीला पावडर लावू देऊ नका. पावडरचे कण फिल्मवर चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि उगाच घोळ होतो. मॅमोग्राफी साफ आली पण हाताला गाठ लागतेच आहे, तर हातावर विश्वास ठेवायचा आणि पुढे जायचं.

पुढे म्हणजे बायप्सी. काकूंच्या सुईकडे येते. जागा बधिर करून, जाडसर सुईने, सोनोग्राफीत बघत चार-सहा तुकडे घेतात. फॉर्मेलिनच्या बाटलीत ते तुकडे बारीक शेवईसारखे तरंगतात. वीस मिनिटांचं काम, टाका नाही, त्याच दिवशी घरी. सुईमुळे आजार पसरून रुग्णाचं नुकसान झालं असं जगभरातल्या इतक्या वर्षांच्या अनुभवात दिसत नाही. काकूंनी जे पाहिलं असेल ते असं, की आधीच पसरलेल्या बाईला सुई लावली आणि पुढे ती गेली. नाव सुईवर आलं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र आधी सांगा.

सुईपेक्षा मला भीती कात्रीची वाटते. "छोटीशी गाठ आहे, आत्ताच काढून टाकू" असं म्हणून कुणी सरळ गाठ काढायला निघालं, तर थांबवा. आधी तुकड्याचा रिपोर्ट, मग ऑपरेशनचा विचार. कॅन्सर असेल तर किती कड सोडून काढायची, काखेचं काय करायचं, आधी औषध द्यायचं का, हे सगळं पहिल्या कापाच्या आधी ठरवायचं असतं. अर्धवट काढलेली गाठ घेऊन आलेल्या बायकांचं दुसरं ऑपरेशन मी केलेलं आहे. पहिल्याने मांडलेला डाव दुसऱ्याने निस्तरणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे. आणि कसलीही गाठ काढली तर ती तपासायला पाठवलीच पाहिजे. ती कचऱ्यात गेली तर उत्तरही कचऱ्यात गेलं.

समजा रिपोर्ट वाईट आला. इथून पुढे पुष्कळ गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत: गाठ केवढी, काखेत आहे का, त्यांचं हृदय, शुगर, चालणं-फिरणं, आणि रिपोर्टवर लिहिलेली तीन नावं, ईआर, पीआर आणि हर-टू. पहिली दोन गाठ हार्मोनवर पोसते का ते सांगतात, तिसरं गाठीतल्या एका प्रथिनाचं. ती त्याच तुकड्यांवर तपासतात, त्याला काही दिवस जास्त लागतात, पण ती आल्याशिवाय कुणी उपचार ठरवत असेल तर का ते विचारा. या वयातल्या बहुतेक गाठी हार्मोनवर पोसलेल्या असतात आणि ही चांगली बातमी असते. हार्मोन तोडणारी रोजची एक गोळी त्यांना लागू पडते. सगळ्यांनाच केमो लागतो असं मुळीच नाही. छातीचं ऑपरेशन पोट किंवा छातीचा पिंजरा उघडून करायचं नसतं, वरवरचं असतं. बऱ्यापैकी तब्येतीच्या सत्तरीतल्या बायका दुसऱ्या दिवशी वॉर्डात चहा मागतात. पूर्ण छाती काढावी लागेलच असंही नाही. गाठ छोटी, हार्मोनची आणि काख साफ असेल, तर सत्तरीपुढे ऑपरेशननंतरचे लाईट, म्हणजे रेडिएशन, टाळता येतात का, हाही विचार होतो, गोळी नियमित घेणार असतील तर. हे तुमच्या डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे.

ऑपरेशन झेपणारच नसेल, तरी हात टेकायचे नसतात. एक आजी माझ्याकडे आल्या तेव्हा गाठ फुटून जखम झाली होती. नातीचं लग्न ठरलं होतं म्हणून त्यांनी सात महिने कुणाला सांगितलं नव्हतं. ब्लाउजमध्ये जुन्या धोतराची घडी, घडीत कापूर, वासाला. हृदय इतकं अशक्त की भूल देणं शक्य नव्हतं. रिपोर्ट हार्मोनचा निघाला, गोळी सुरू केली, ड्रेसिंग शिकवलं. चार महिन्यांत जखम सुकून रुपयाएवढी राहिली. गाठ गेली नाही. पण त्या पुढे अडीच वर्षं माणसांत उठल्या-बसल्या, आणि नातीच्या बाळाला मांडीवर घेऊनच दवाखान्यात आल्या होत्या. ज्यांना ऑपरेशन झेपतं त्यांनी मात्र गोळीवर भागवू नये. ऑपरेशन केलेल्यांत आजार जास्त काळ आटोक्यात राहतो.

इथे तुमच्या सासूबाईंचं मनगट परत आडवं येतं. अंगणात नुसतं घसरून ७२ व्या वर्षी मनगट मोडलं, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असावीत. हार्मोनच्या गोळ्यांपैकी लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडं आणखी विरळ होतात. टॅमॉक्सिफेनने तसं होत नाही, पण पायात रक्ताची गुठळी होण्याचा आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका असतो. कोणती गोळी, सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांची घनता मोजणं, हाडांचं औषध, हे ठरवताना कॅन्सरच्या डॉक्टरांना मोडलेल्या मनगटाचं माहीत असायला हवं. हाडाच्या डॉक्टरची फाईल वेगळी, गाठीच्या डॉक्टरची वेगळी, असं होतं आणि मध्ये बाई लटकते. दोन्ही कागद एका पिशवीत ठेवा.

पैशाचं. सासूबाई सत्तरीपुढच्या आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या सगळ्या नागरिकांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आधार कार्डावर वय बघून कार्ड निघतं. आत्ताच काढून ठेवा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्व्हर बंद असतो. कोणतं हॉस्पिटल योजनेत आहे आणि तिथे नेमकं काय बसतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा.

राहिला प्रश्न, त्यांना तयार कसं करायचं. मुलाने सांगून त्या तयार होणार नाहीत, हे मी न बघता सांगते. तुम्हीच सांगा, आणि दोघीच असताना. "कॅन्सर असेल" याने सुरुवात करू नका, "काही नसेल हो" असं खोटंही नको. "मला दिसलं, आता मला झोप येणार नाही, माझ्यासाठी चला" असं म्हटलं की आमच्याकडच्या सासवा सुनेसाठी म्हणून येतात आणि स्वतःसाठी तपासून जातात. छाती, अंगावरची जागा, थान, त्या जो शब्द वापरत असतील तोच वापरा.

आणि रिपोर्ट आल्यावर तो त्यांच्यापासून लपवू नका. माझ्या केबिनमध्ये हे नेहमी घडतं: मुलगा डोळ्यांनी खुणा करतो, आईला बाहेर बसवा, आणि मग विचारतो, "या वयात कशाला चिरफाड?" मी म्हणते, त्यांना विचारलंत का? सत्तरीतल्या बाईला आपल्याकडे सरासरी आणखी दहा-बारा वर्षं असतात. त्या वर्षांचं काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. कुणी ऐकून घेऊन "नको बाई, गोळीच द्या" म्हणतं. तेही चालतं, विचारून झालेलं असलं की.

तुमच्या स्वतःबद्दलही विचारलं असतंत तर बरं झालं असतं. पन्नाशी आली असेल तर तक्रार नसतानाही दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी आणि हाताची तपासणी, सत्तर-चौऱ्याहत्तरपर्यंत, हे माझ्या पेशंटना मी सांगते. त्यापुढे तक्रार नसेल तर तब्येत बघून ठरवायचं. ज्या बाईला इतर आजारांमुळे पुढची दहा वर्षंच अवघड आहेत, तिच्यात कधीच त्रास न देणारी गाठ शोधून काढण्यात फायदा नसतो.

तेव्हा क्रम असा धरा: सर्जनची नीट तपासणी, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, सुईची बायप्सी, तीन नावांचा रिपोर्ट, आणि मगच उपचाराची चर्चा, सासूबाईंना समोर बसवून. समोरून हुक असलेला सैल ब्लाउज घालून न्या. प्लास्टर निघायची वाट बघू नका. मनगटाच्या प्लास्टरमुळे मॅमोग्राफी अडत नाही. अपॉइंटमेंट घेताना टेक्निशियनला आधी सांगून ठेवा, म्हणजे उजवा हात कुठे टेकवायचा याची सोय ती करून ठेवेल.